वाचनालयात एकटी येणारी मुलं : पाटीवर नेमकं काय लिहू?

खालचा_कप्पा

प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

एका सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात मी संध्याकाळची बसते, साडेचार ते साडेसात. पगारी नाही. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून मागून घेतलेलं काम. उभी हयात लोकांच्या खातेवह्यांतल्या चुका शोधण्यात गेली, त्यामुळे मुलांचं मानसशास्त्र वगैरे मला विचारू नका. पण हिशेब जुळत नसला की मला चैन पडत नाही, आणि सध्या पडत नाहीये.

आमचा बालविभाग काटकोनात वळलेला आहे. माझं टेबल दाराशी. तिथून लांब बाजू सगळी दिसते, वळणापलीकडची आखूड बाजू अजिबात नाही. तिकडे बुटकी बाकं, चित्रांची पुस्तकं आणि कोडी. म्हणजे सगळ्यात लहान मुलं नेमकी मला न दिसणाऱ्या जागी. असं कुणी ठरवून केलं नाही, कपाटं जिथे मावली तिथे लागली.

गेल्या महिन्यात तीन गोष्टी झाल्या.

चारेक वर्षांचा एक मुलगा वरच्या कप्प्यातलं डायनोसॉरचं पुस्तक काढायला मांडणीवर चढला. पहिल्या कप्प्यावर एक पाय, दुसऱ्यावर दुसरा, शिडीच जणू. खडखड ऐकून मी वळणाशी पोचले तेव्हा मांडणी पुढे झुकून परत भिंतीला टेकत होती. तीन जाडजूड कोश त्याच्यापासून वीतभर अंतरावर पडले. त्याला खरचटलंसुद्धा नाही. आई शेजारच्या दालनात मासिक चाळत होती. ती धावत आली आणि त्यालाच रागावली. मीही त्यालाच रागावले. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, त्या पोराची चूक या सगळ्यात सर्वांत शेवटी येते.

दुसरी गोष्ट तशी काहीच नाही, पण समितीतल्या एकांनी विषय काढला म्हणून लिहिते. साठीचे एक गृहस्थ रोज बालविभागातल्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसतात. बरोबर मूल नसतं. इथे वारा चांगला येतो म्हणतात. मुलांशी गोड बोलतात. परवा एकाला छानशी पेन्सिल दिली आणि हसत म्हणाले, "घरी सांगू नको हां, परत करायला लावतील." मला तर प्रेमळ वाटतात. त्यांना उठवायचं म्हणजे उगाच संशय घेतल्यासारखं.

तिसरी गोष्ट खरी अडचणीची. एक बहीण-भाऊ रोज येतात. ती ९ वर्षांची, तो ५ चा. शाळेतून थेट. आईवडील दोघंही कामावरून उशिरा सुटतात आणि बंद व्हायच्या वेळेला न्यायला येतात. ती मुलगी म्हणजे वाचनालयाचं भाग्य म्हणावं अशी. डावीकडच्या पहिल्या कपाटापासून क्रमाने वाचत निघाली आहे. मध्ये एखादं पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर कागदावर त्याची जागा लिहून ठेवते आणि परत आलं का म्हणून विचारते. (मला फार आवडते, हे लपवत नाही.) पण दर पाच मिनिटांनी तिचं वाचन तुटतं, कारण धाकटा. तो पळतो, कपाटांमागे लपतो, मोठ्यांच्या वाचनकक्षात घुसून खुर्च्यांखालून रांगतो. त्याला शू लागली की ती पुस्तक उपडं ठेवून त्याला घेऊन जाते. मागच्या गुरुवारी साडेसातला कुणी आलं नाही. आठ वाजले. फोन लागेना. आठ वीसला वडील धापा टाकत आले. तोवर मी, ती दोघं आणि बंद दिवे. धाकटा माझ्या मांडीवर झोपलेला.

समिती तडकली आहे. १२ वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय प्रवेश नाही, अशी पाटी लावा म्हणतात. वरून वाचनकक्षातल्या मंडळींच्या आवाजाच्या तक्रारी आहेतच. नियमांचा मसुदा मी शनिवारपर्यंत लिहून द्यायचा आहे.

हात चालत नाही. ती पाटी लागली की डायनोसॉरवाला येत राहील, कारण त्याची आई शेजारच्या दालनात "सोबत" असतेच. आणि जिचं काही चुकलं नाही ती मुलगी बंद होईल. वय किती लिहावं? आवाजाचं काय? न्यायला कुणी आलं नाही तर नेमकं काय करायचं असतं? ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी सांगा.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

अभ्यासिकेत बसणाऱ्यांच्या बाजूने एक मत.

मी रोज सहा तास वाचनालयात परीक्षेचा अभ्यास करतो (तुमच्या नव्हे, दुसऱ्या). लहान मुलं दालनात शिरली की चिडचिड होते, खोटं कशाला बोलू. पण गेल्या आठवड्यात सहज टाचण केलं, माझं लक्ष कशाकशाने उडालं याचं. पहिला नंबर मोठ्यांच्या फोनचा. "मी लायब्ररीत आहे, नंतर बोलतो" हे वाक्य लोक दोन मिनिटं बोलतात. मुलं तिसऱ्या नंबरवर आली, दुसरा खुर्च्या ओढण्याचा.

तेव्हा आवाजाचा नियम केलात तर सगळ्यांना करा. आणि दोन दालनांमधलं दार लावून घेता येत असेल तर आधी ते करा. आमच्याकडे खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवले, निम्मी भांडणं मिटली.

---

शिक्का_मारणारे_काका

ताई, बालविभागात ३१ वर्षं काढली. तुमच्या तीन गोष्टींतली जी "तशी काहीच नाही" म्हणालात, तिच्यापासून सुरुवात करतो. बाकीचं शनिवारपर्यंत थांबेल, हे थांबू नये.

ते गृहस्थ कसे आहेत हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि ते ठरवणं आपलं कामही नाही. पण भेटवस्तू आणि "घरी सांगू नको" या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझे कान टवकारतात. मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखी, भेसूर चेहऱ्याचा नसतो. ओळखीचा असतो, लाघवी असतो आणि सावकाश जातो. आधी छोटीशी भेट, मग छोटंसं गुपित. मूल गुपित राखतं का, हे पेन्सिलीवर तपासलं जातं. कदाचित या गृहस्थांच्या मनात यातलं काहीही नसेल. म्हणूनच माणसाकडे न बघता वागण्याकडे बघायचं असतं.

उद्याच्या उद्या हे करा. जे पाहिलं, ऐकलं ते तारीख-वेळेसह वहीत लिहा. मत लिहू नका, शब्द जसेच्या तसे लिहा. खातेवह्या तपासलेल्या माणसाला हे मी काय सांगू. ग्रंथपालांना दाखवा. त्या मुलाच्या घरच्यांना साध्या शब्दांत घडलं ते सांगा. मुलाला बसवून पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नका. त्याने होऊन काही सांगितलं तर शांतपणे ऐका, "बरं झालं सांगितलंस" म्हणा, आणि कुणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका.

मग बालविभागाच्या दाराशी सरसकट एक नियम लावा : मोठ्या माणसाबरोबर मूल नसेल तर पुस्तक निवडावं, घ्यावं आणि मोठ्यांच्या दालनात बसून वाचावं. सरसकट असला की कुणावर संशय घ्यावा लागत नाही. भाचीसाठी पुस्तक न्यायला आलेला मामा असो, संशोधक असो, समितीचे अध्यक्ष असोत, सगळ्यांना तोच.

आपल्यालाही काही बंधनं हवीत. बंद खोलीत मुलाबरोबर एकट्याने बसायचं नाही. शौचालयात एकट्याने न्यायचं नाही. पालकांना विचारल्याशिवाय फोटो नाही, अगदी गोष्टीच्या तासाचा गोड फोटोसुद्धा. फोनवर कुणी विचारलं, "माझी पुतणी आली आहे का हो तिथे?" तर हो-नाही काहीच सांगायचं नाही, नाव-नंबर घ्यायचा आणि घरच्यांना कळवायचं. गुरुवारी तुम्ही बंद दिव्यांत दोन मुलं घेऊन एकट्या बसलात, त्यात तुमचं मन दिसतं. पण दिवे चालू हवे होते आणि दुसरं मोठं माणूस हवं होतं. मुलांसाठी आणि तुमच्यासाठीही.

आता वय. जगात एक आकडा नाही. कुठे ८, कुठे १०, कुठे १२. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलं आहे, आणि ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची मुलांच्या सेवेबद्दलची मार्गदर्शक तत्त्वंही ० ते १८ अशीच आहेत. म्हणजे तान्ही मुलंसुद्धा आपली वाचकच. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं दुसरं "प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ". त्यात वयाची अट मला तरी कधी सापडली नाही.

तेव्हा आकडा प्रवेशासाठी न लिहिता देखरेखीसाठी लिहा. आम्ही असं ठेवलं होतं : ७ वर्षांपर्यंतच्या मुलाबरोबर मोठं माणूस त्याच खोलीत, मूल नजरेसमोर असेल असं. त्यापुढच्या मुलाला एकट्याने येता येईल, पण त्याला आपलं पूर्ण नाव आणि घरच्या एकाचा नंबर पाठ हवा, आणि तो नंबर आमच्या वहीतही हवा. तुमच्याकडे माणसं किती, दार किती, रस्ता किती जवळ, यावर हा ७ चा ८ किंवा ९ करा.

त्या बहिणीबद्दल एकच सांगतो. ९ वर्षांची मुलगी आपली वाचक आहे, धाकट्याची राखणदार नव्हे. कुणी बरोबर आलं म्हणजे सोबत झाली असं नसतं; सोबतीचं किमान वय वेगळं लिहा, आम्ही १६ ठेवलं होतं. यात धाकटा अडकेल हे मला दिसतंय. त्याची सोय काय, ते आईवडिलांशी बसून ठरवा. पाटीने ठरणार नाही.

न्यायला कुणी आलं नाही तर काय, हे त्या संध्याकाळी ठरवायचं नसतं. बंद व्हायच्या अर्धा तास आधी एकट्या मुलांजवळ जाऊन विचारायचं, कोण येणार आहे? वेळ झाली की दोन मोठी माणसं थांबतात, त्यातला एक जण फोन करत राहतो. ठरलेल्या मिनिटांनंतर पोलिसांना कळवायचं. आम्ही ३० मिनिटं धरायचो. शिक्षा म्हणून नाही. वाटेत आईवडिलांनाच काही झालं असू शकतं, आणि ते शोधायची यंत्रणा पोलिसांकडे असते. आपल्या गाडीवरून घरी सोडायचं नाही, आपल्या घरी न्यायचं नाही, "मी शेजारी आहे, मी नेतो" म्हणणाऱ्याच्या हवाली करायचं नाही. आणि उशीर झाला म्हणून मुलाला बोलायचं नाही. ते आधीच रडवेलं असतं.

मूल दिसेनासं झालं तर काय, तेही एकदा सगळ्यांनी मिळून करून पाहा. १९८१ साली अमेरिकेत अ‍ॅडम वॉल्श नावाचा ६ वर्षांचा मुलगा दुकानातून नाहीसा झाला, पुढे त्याचा खून झाल्याचं कळलं. त्याच्या नावाने १९९४ पासून तिथल्या दुकानांत एक पद्धत सुरू झाली, ती आम्ही आमच्यापुरती उचलली. एक जण धावत दाराशी, बाकीचे खोल्या वाटून घेऊन शोधतात. वर्णन नीट विचारून घ्यायचं, बुटांच्या रंगासह. अंगावरचा शर्ट पटकन बदलता येतो, बूट सहसा कुणी बदलत नाही. १० मिनिटांत सापडलं नाही तर पोलीस. आमच्याकडे दोनदाच वेळ आली, दोन्ही वेळा मूल कपाटाच्या मागे पुस्तक वाचत होतं. हाकेला ओ दिली नव्हती, कारण गोष्ट संपत आली होती!

वागण्याचं थोडक्यात. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९०६ पासून बालविभाग सांभाळणाऱ्या अ‍ॅन कॅरल मूर यांनी "शांतता राखा"च्या पाट्या काढून टाकल्या होत्या. त्याऐवजी एक मोठी वही ठेवली. मुलं त्यात स्वतःच्या हाताने सही करून वचन देत, पुस्तकं नीट वापरीन, इथले नियम पाळीन. सही करता येईल एवढं लिहिता आलं की झालं सभासद. मी ही वही ठेवून पाहिली आहे. ५ वर्षांचं पोर सही करताना जीभ बाहेर काढून जो जोर लावतं, त्यानंतर त्याला "सही केली आहेस ना?" एवढंच विचारावं लागतं. आणि "पळू नको" ऐवजी "चालत ये" म्हणा. पहिल्यात मुलाच्या कानावर "पळ" एवढंच पडतं.

फार लिहिलं. सवय.

---

सुतारपक्षी

काकांनी माणसांचं सांगितलं, मी लाकडाचं सांगतो. शाळा-वाचनालयांचं फर्निचर करतो.

मांडणी झुकून परत आली हे वाचून घाम फुटला. एक मीटर पुस्तकांचं वजन साधारण २५ ते ३० किलो धरा. पाच कप्प्यांची, मीटरभर रुंदीची मांडणी म्हणजे सव्वाशे किलोच्या वर, लाकूड वेगळं. ती ४ वर्षांच्या मुलावर पडली तर पुढचं बोलायला नको. मांडणी भिंतीला *टेकलेली* असते तेव्हा लोकांना वाटतं *पक्की* आहे. वरच्या टोकाला दोन लोखंडी काटकोन, भिंतीच्या आतपर्यंत जाणारे बोल्ट. नुसत्या प्लास्टरमध्ये मारलेला खिळा हातानेही निघतो. हे होईपर्यंत ती मांडणी निम्मी रिकामी करा, तीही वरून. खालचे कप्पे भरलेले राहू देत. उद्याच.

तुमचे जाडजूड कोश वर आणि पातळ चित्रांची पुस्तकं खाली असणार, जवळपास सगळीकडे तसंच असतं. उलटं करा. जड ते तळाला. आणि डायनोसॉर त्या पोराच्या डोळ्यांसमोर आणा. त्याला चढायची हौस नव्हती, पुस्तक हवं होतं.

बालविभागात मधोमध उभ्या मांडण्या १२० सेंटिमीटरच्या वर नकोत, मोठ्या माणसाला पलीकडचं दिसलं पाहिजे. ज्या भिंतीला नाहीत त्यांचा तळ रुंद हवा. चाकांचं स्टूल ठेवणार असाल तर पाय दिला की बसतं आणि चाकं आत जातात, ते घ्या. साधं चाकांचं स्टूल म्हणजे मुलांची गाडी.

बोटं दाराच्या कडीच्या बाजूपेक्षा बिजागरीच्या फटीत जास्त चिरडतात. तिथे रबरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी मिळते, ती बसवा.

अजून एक, फर्निचरचं नाही, पण घरात पाहिलंय म्हणून सांगतो. दाबलं की गाणं वाजतं अशी पुस्तकं असतात ना, त्यांत बटणाएवढी चपटी बॅटरी असते. तिचं झाकण स्क्रूने बंद आहे का बघा. मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय, वाट पाहायची नाही. कोड्यांचे तुकडेही तपासा. ३२ मिलिमीटरच्या गोल नळीतून जाईल ते सगळं ३ वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं.

आणि ताई, तुमचं टेबल दाराशी कशाला? वळणाच्या कोपऱ्यावर ठेवा. दोन्ही बाजू दिसतील.

---

खालचा_कप्पा

@सुतारपक्षी, टेबलाचं वाचून कपाळावर हात मारला. दोन वर्षं मी त्या दाराशी बसते आहे.

---

दोन_पिल्लांचा_बाबा

मी त्या आठ वीसला धापा टाकत येणाऱ्यांपैकी आहे. तुमच्याकडचा नव्हे, पण तसाच.

समितीला वाटतं तसं आम्ही वाचनालयाला फुकटचं पाळणाघर समजत नाही. म्हणजे, थोडं समजतो. पण दुसरीकडे ठेवायचं म्हणजे कुठे? घरी कुलूप लावून? मुलगी वाचनालयात आहे म्हटल्यावर दिवसभर कामात डोकं शांत राहतं. तिथे दिवे आहेत, माणसं आहेत, पाणी आहे. तिथली माणसं माझ्या मुलांसाठी नेमलेली नाहीत, हे मला माहीत होतं, पण मी त्याचा विचार करायचं टाळत होतो, असं म्हणा.

आमच्याकडे ग्रंथपालबाईंनी दोनदा समज दिली, ती मी मनावर घेतली नाही. तिसऱ्यांदा त्यांनी समज दिलीच नाही. मला बसवलं आणि विचारलं, "आज आग लागली असती तर तुमचा धाकटा कुठल्या दाराने बाहेर पडला असता?" मला उत्तर देता आलं नाही. थोरलीला विचारलं तर म्हणाली, "मी त्याला शोधत बसले असते."

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. त्यानंतर बदललं ते हे : आठवड्यातले तीन दिवस मुलं थोरलीच्या मैत्रिणीच्या घरी, तिची आई मोठी जबाबदारी घेते, मी शनिवार-रविवार तिच्या मुलांची. उरलेले दोन दिवस थोरली एकटी वाचनालयात. ती त्या दोन दिवसांची वाट बघते. म्हणते, "तेव्हा पूर्ण गोष्ट होते."

ताई, आईवडिलांशी बोला, पण मुलांसमोर नको. माझ्या मुलीने मला बोलणी खाताना पाहिलं आणि पुढचे चार दिवस वाचनालयात यायलाच तयार नव्हती.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

बाबा, +१. आणि मी वर चिडचिडीबद्दल लिहिलं ते जरा जास्तच कोरडं वाटतंय आता. असो.

---

खालचा_कप्पा

शुक्रवार रात्र. जे झालं ते सांगते.

पेन्सिलीचं मी काकांचा प्रतिसाद वाचल्यावर त्याच रात्री वहीत लिहिलं. लिहिताना आठवलं की त्या गृहस्थांनी त्याच मुलाला आधी एकदा गोटीही दिली होती. मला तेव्हाही प्रेमळच वाटले होते. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी दाराला नियम लावला आणि सगळ्यांना सांगितला, त्यांनाही. ते काही बोलले नाहीत, वर्तमानपत्राची घडी घालून उठले. आता मोठ्यांच्या दालनात बसतात. माझ्याकडे बघत नाहीत. मला जड जातंय, पण मुलाच्या आईला सांगितल्यावर तिचा चेहरा पाहिला, तेव्हा ठरवलं की हे जडपण सोसायचं. पुढचं तिचं आणि ग्रंथपालांचं चाललं आहे, त्यावर इथे लिहिणार नाही.

मांडणी निम्मी रिकामी केली. कोश तळाला. टेबल कोपऱ्यावर आणलं. दाराकडे आता देवघेवीवरचा कर्मचारी लक्ष ठेवतो, त्याला उठायला लागलं तर मला हाक मारून उठतो. पहिल्याच दिवशी वळणापलीकडे काय काय चालतं ते दिसलं. एक जण पुस्तकाची पानं दुमडून विमान करत होता. इतके दिवस मी ती फाटकी पानं डिंकाने चिकटवत होते आणि कुणाचं काम म्हणून शोधत होते.

बहीण-भावाच्या आईला काल जरा बाजूला घेऊन बोलले. आधी ती ताठरली. मग बाबांची ती अदलाबदल सांगितली, तर म्हणाली, बघते, वर्गातल्या एकीची आई आहे तशी. पंधरा दिवसांची मुदत घेतली आहे. तोवर सव्वासहापर्यंत धाकटा गोष्टीच्या गटात बसेल, तिथे दोन मोठी माणसं असतात. नंतर मुलांची मावशी येऊन थांबेल. न आल्यास काय, तेही कागदावर लिहून आईने सही केली. दोन नंबर घेतले.

मसुदा असा झाला. ८ वर्षांपर्यंत मोठं माणूस त्याच खोलीत. (७ वरून ८ केलं, कारण आमचं दार रस्त्यावर उघडतं.) त्यापुढे एकट्याने चालेल, नंबर वहीत हवा. सोबतीला १६ पूर्ण. मोठ्यांसाठी बाकांचा नियम. फोन सगळ्यांनी बाहेर. साडेसातनंतर ३० मिनिटं, दोन माणसं, मग पोलीस. समितीचं १२ मी खोडलं आणि का खोडलं ते शेजारी लिहिलं. उद्या आरडाओरडा होईल. होऊ दे.

मसुदा टेबलावर पडला होता तो त्या मुलीने उलटा, माझ्या समोरून वाचला. म्हणाली, "आजी, यात 'नाही' नऊ वेळा आहे." मोजलं. नऊच होते. तिला पेन दिलं. तिने "ओरडायचं नाही" खोडून "पुस्तक वाचणाऱ्याला ऐकू येणार नाही एवढं बोलावं" असं लिहिलं. त्यातही एक "नाही" राहिलाच, ते दाखवलं तर विचारात पडली आणि पेन घरी घेऊन गेली. सोमवारी सांगते म्हणाली. समितीला सांगणार आहे की शेवटची प्रत सोमवारनंतर.

@सुतारपक्षी, आमची भिंत जुनी दगडी आहे, वरून चुन्याचा गिलावा. बोल्ट कुठले सांगू?

---

सुतारपक्षी

चुन्याच्या सांध्यात मारू नका, दगडातच भोक पाडा. सांध्यातला चुना भुसभुशीत असतो, धरत नाही. १० मिलिमीटरचे, आत जाऊन फुगतात ते बोल्ट, प्रत्येक मांडणीला निदान दोन. बसवल्यावर वरच्या कडेला धरून अंगचा जोर लावून ओढून बघा. तसूभरही हललं तर काढून नव्या जागी. मुलं खोलीत नसताना.